जामीन मिळाला, सुटका नाही : एका न्यायाधीन बंद्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारागृहातलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि प्रत्येक टप्प्यावर झालेला निर्णय मात्र तसाच ठेवला आहे. प्रकरण सांभाळणारी कार्यकर्ती एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) होऊन नुकतीच कामाला लागली होती. पुण्याच्या कारागृह मुख्यालयाची परवानगी घेऊन आत काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेत ती आहे. तिच्या कामावरची देखरेख माझ्याकडे होती, म्हणजे आठवड्याच्या बैठकीत तिच्या फायली वाचायच्या आणि प्रश्न विचारायचे.

कैद्यांचं पुनर्वसन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर शिक्षा झालेला माणूस येतो. सुतारकाम, हातमाग, माफीचे दिवस, संचित रजा. या क्षेत्रात येऊ पाहणारे विद्यार्थीही हेच चित्र घेऊन येतात आणि पहिल्याच आठवड्यात गोंधळतात. कारण आत बसलेली बहुतेक माणसं शिक्षा झालेली नसतातच. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते, त्यातले ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेले. कायद्याच्या नजरेत ते निर्दोष आहेत. त्यांच्यावर कामाची सक्ती नाही आणि बहुतेक ठिकाणी त्यांना द्यायला कामही नाही. या तारखेपासून त्या तारखेपर्यंत दिवस ढकलायचे, एवढंच. अशा माणसाला ‘सुधारणं’ हे आपलं कामच नव्हे. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ने १९९० पासून मुंबईत कोठडी आणि तुरुंगातल्या समाजकार्याची जी वाट पाडली, तिच्यावरून चालणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. तरी नव्या कार्यकर्त्याला ते प्रत्येक वेळी पहिल्यापासून शिकावं लागतं.

तर हा तरुण. मराठवाड्यातल्या एका गावचा, वय तेविसाच्या आसपास, शाळा सातवीपर्यंत. सेंट्रिंगच्या कामावर शहरात आलेला, साइटवरच्याच खोलीत चौघांबरोबर राहायचा. २०२४ च्या पावसाळ्यानंतर त्या खोलीतून रोकड आणि मोबाईल गेले. फिर्याद झाली, याला अटक झाली. कलम भारतीय न्याय संहितेचं (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं) ३०५, म्हणजे राहत्या जागेतली चोरी. शिक्षा सात वर्षांपर्यंत होऊ शकते.

अडचण

कार्यकर्तीशी त्याची पहिली भेट झाली तेव्हा त्याला आत येऊन सहा महिने होत आले होते. सर्कलच्या, म्हणजे तुरुंगातल्या त्याच्या विभागाच्या, ऑफिसबाहेरच्या बाकावर तो बसला तो प्लास्टिकची पिशवी मांडीवर घेऊन. पिशवीत कागद: दोषारोपपत्राची काही पानं, एका कोर्टाचं नाव लिहिलेली चिठ्ठी, बराकीतल्या कुणीतरी लिहून दिलेला अर्धवट अर्ज. त्याचं पहिलं वाक्य, “मॅडम, मला गुन्हा कबूल करायचाय. कुठं सही करू?”

कार्यकर्तीने कागद चाळले तेव्हा लक्षात आलं की जामिनाचा आदेश तीन महिन्यांपूर्वीच झाला होता. पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःच्या सहीचं हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. जामीनदार मिळाला नाही, म्हणून सुटका नाही. आदेश झाल्याचं त्याला माहीत होतं. त्याचा अर्थ काय, हे कुणी समजावलं नव्हतं. “जामीन झाला म्हणतात, पण सोडत नाहीत,” एवढंच त्याला कळलेलं.

असे आदेश पडून राहतात हे सर्वोच्च न्यायालयालाही माहीत आहे. ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांत म्हटलंय की जामीन झाल्यापासून सात दिवसांत बंदी सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं. मग परिविक्षा अधिकारी (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारे) किंवा विधी स्वयंसेवक यांच्या मदतीने त्या माणसाचा सामाजिक-आर्थिक अहवाल तयार करून अट शिथिल करण्यासाठी न्यायालयासमोर ठेवावा. महिन्याभरात हमीपत्र भरलं गेलं नाही तर न्यायालय स्वतःहून अटींचा फेरविचार करू शकतं. या तरुणाचं नाव अशा एखाद्या यादीत गेलं होतं का? गेलं होतं. यादी पुढे सरकली नव्हती.

खरी गाठ मात्र दुसरीकडेच होती. न्यायालयीन विभागात त्याचं हिस्टरी तिकीट, म्हणजे बंद्याच्या नोंदींचा कागद, पाहिल्यावर दुसरा एक गुन्हा दिसला. बसस्टँडजवळ मोबाईल चोरल्याचा, कलम ३०३(२), दुसरं पोलीस ठाणं, दुसरं कोर्ट. अटकेत असतानाच प्रॉडक्शन वॉरंटवर (तुरुंगातल्या बंद्याला दुसऱ्या केसमध्ये हजर करण्याच्या कोर्टाच्या आदेशावर) त्या पोलिसांनी त्याचा ताबा घेतला होता आणि नंतर तो परत आला होता. त्या केसमध्ये जामिनाचा अर्जच झाला नव्हता. पहिल्या केसच्या वकिलांना ती माहीत नव्हती, दुसऱ्या केसला वकीलच नव्हता. उद्या जामीनदार उभा राहिला असता तरी हा सुटला नसता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय त्याचाच होता: दोन्हीकडे कबुली. बराकीत हा सल्ला हटकून मिळतो. ‘कबूल कर, भोगलेल्यावर सुटशील.’ सल्ला खोटा नाही. खटल्याआधीचे आतले दिवस शिक्षेतून वजा होतात, आणि किरकोळ चोरीत न्यायाधीश बऱ्याचदा भोगली तेवढीच शिक्षा देतात. पण बऱ्याचदा म्हणजे नेहमी नव्हे, आणि ३०५ मध्ये तर नाहीच. शिवाय पुढचा हिशेब बराकीत कुणी सांगत नाही. ३०३(२) खाली एकदा शिक्षा झाली की त्याच कलमाखाली दुसऱ्यांदा किमान एक वर्ष सक्तमजुरी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ४७९ मध्ये, आधी कधीच शिक्षा न झालेल्या न्यायाधीन बंद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सुटण्याची सोय आहे, ती सवलत कायमची जाते. (त्याला आत्ता या कलमाचा फायदा नव्हताच. सात वर्षांचा तिसरा हिस्सा म्हणजे दोन वर्षं चार महिने, आणि एकाहून जास्त केस चालू असतील तर हे दार तसंही बंद.) आणि भागात कुठेही चोरी झाली की पोलीस आधी कुणाच्या दारात येणार, हे सांगायला कायद्याचं पुस्तक लागत नाही.

इथे एक कडवट गोष्ट. नव्या संहितेत पाच हजारांपेक्षा कमी किमतीची वस्तू चोरली, ती परत मिळाली आणि आरोपीला पहिल्यांदाच शिक्षा होत असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवा आहे. गुन्हाही जामीनपात्र आहे. बसस्टँडवरचा तो मोबाईल वापरलेला, काच तडकलेला होता आणि फिर्यादीत त्याची किंमत लावलेली आठ हजार. वकिलांनी मुद्दा टिपून ठेवला, पण जुन्या फोनची किंमत त्या टप्प्यावर कोण ठरवणार?

दुसरा पर्याय जामीनदाराचा. त्यासाठी घरचे हवेत, आणि त्यांच्या नावावर काहीतरी हवं. बाहेरच्या जिल्ह्यातला जामीनदार नाकारू नये, हे १९७८ च्या मोती राम खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी सांगून ठेवलंय. मोती राम गवंडी होता. त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून मॅजिस्ट्रेटने भावाला जामीनदार मानलं नव्हतं. निकालाला इतकी वर्षं झाली, तरी ‘लोकल आणा’ हे शब्द कोर्टाच्या आवारात रोज ऐकू येतात.

तिसरा, केंद्र सरकारची २०२३ ची गरीब कैद्यांसाठीची योजना. न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी २०२३ च्या नियमांप्रमाणे चाळीस हजारांपर्यंत रक्कम भरता येत होती. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने मंजुरी द्यावी लागते. पण योजना पैसे देते, जामीनदार देत नाही. आदेशात जामीनदार लिहिला असेल तर आधी तो रोख जामिनात बदलून घ्यायला हवा.

चौथा, अहवाल आणि अर्जाच्या जोरावर नुसत्या जातमुचलक्यावर सुटका. बाहेर राहायला ठाव नसलेल्या माणसासाठी हे अवघड, पण अशक्य नाही.

पाचवा पर्याय आम्ही मोजतच नाही, तरी नव्या लोकांसाठी लिहितो. कोर्टाच्या आवारात भाड्याचे जामीनदार मिळतात. कागद बऱ्याचदा बनावट असतात. घरच्यांना हे लोक आपणहून गाठतात, आणि या प्रकरणातही गाठलं. संस्थेचा कार्यकर्ता स्वतः जामीनदार राहत नाही, हा नियमही याच रांगेतला. एकदा राहिलात की त्या माणसाशी असलेलं नातं बदलतं. तो तारखेला जातो की नाही यात तुमचा पैसा अडकतो, आणि मग तुम्ही त्याचे कार्यकर्ते न राहता राखणदार होता.

पहिला निर्णय : कबुली की जामीन

कार्यकर्तीला पहिल्या दिवशी त्याला ‘कबूल करू नकोस’ असं सांगून टाकावंसं वाटत होतं. तिने सांगितलं नाही, आणि ते बरोबर केलं. सल्ला वकिलाने द्यायचा, निर्णय त्याने घ्यायचा. आपलं काम, वकील आणि तो समोरासमोर बसतील आणि पुरेसा वेळ बसतील हे पाहणं. तिने लोक अभिरक्षक कार्यालयात (गरीब आरोपींना मोफत वकील देणाऱ्या कार्यालयात) दोन्ही केसचे कागद एकत्र नेऊन दिले आणि दोन्हींसाठी एकच वकील मिळावा अशी विनंती केली. ती मान्य झाली. या प्रकरणातलं सगळ्यात परिणामकारक काम कोणतं विचाराल तर हे, आणि ते एका झेरॉक्सच्या दुकानात सुरू झालं.

‘तू केलंस का?’ हा प्रश्न आम्ही विचारत नाही. उत्तराने आपल्या कामात फरक पडत नाही आणि उत्तर ठेवायला आपल्याकडे वकिलासारखं गोपनीयतेचं कवच नाही. तो वकिलांशी काय बोलला ते फाइलमध्ये नाही.

वकील कारागृहात येऊन भेटले, दोन्ही वाटा समजावून सांगितल्या. त्याने दोन दिवस मागितले. मग म्हणाला, जामिनाचं बघा. त्याने दिलेलं कारण कायद्याचं नव्हतं. “सही केली तर मी चोर झालो. मग बाप दारात उभा करणार नाही.”

दुसरा निर्णय : घरी कळवायचं कसं

त्याला एकही फोन नंबर पाठ नव्हता. नंबर मोबाईलमध्ये आणि मोबाईल मुद्देमालात. गावाचं नाव, तालुका आणि बहिणीचं सासर एवढं सांगता येत होतं.

अशा वेळी ग्रामपंचायतीचा किंवा पोलीस पाटलांचा नंबर काढून फोन लावतात. पण ‘जेलमधून बोलतोय’ म्हटलं की तासाभरात गावभर होतं. कार्यकर्तीने त्याची लेखी संमती घेतली आणि फोन त्याच्या गावाऐवजी बहिणीच्या सासरच्या गावी लावला. आपण एका सामाजिक संस्थेतून बोलतोय आणि एका आजारी नातेवाइकाबद्दल घरच्यांशी बोलायचंय, असं सांगितलं. ‘आजारी’ हा शब्द मला खटकला. खोटं सांगू नये, कमी सांगावं. “घरच्यांचंच काम आहे, त्यांच्याशीच बोलते” एवढ्यावर भागतं. बैठकीत आमची यावर बरीच चर्चा झाली. तिचं म्हणणं, ग्रामपंचायतीचा शिपाई कारण विचारल्याशिवाय नंबर देईना.

बहीण रडली, मग चिडली, मग दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन केला. वडिलांनी “आमच्यासाठी तो मेला” म्हणून फोन ठेवला. पुढे दाजी मुलाखतीला, म्हणजे तुरुंगात भेटायला, आले. दाजी ऊसतोडीला जाणारे, जमीन बटईने केलेली, सातबारा दुसऱ्याच्या नावावर. म्हणजे जामीनदार होऊ शकत नव्हते. तरी ते आले, आणि पुढे अहवालात ‘कुटुंबाशी संपर्क आहे’ हे वाक्य खऱ्या अर्थाने लिहिता आलं ते त्यांच्यामुळे.

तिसरा निर्णय : उचल घ्यायची का

पहिल्या केसमध्ये अहवालासह अर्ज गेला आणि मॅजिस्ट्रेटनी जामीनदाराची अट काढून पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. अहवाल साधाच होता: आई-वडील कोण, शिक्षण, कुठे काम केलं, मजुरी किती, आधी शिक्षा नाही, सुटल्यावर संपर्क कुणाशी. विशेषणं एकही नाही. नवे कार्यकर्ते अहवालात ‘अत्यंत हलाखीची परिस्थिती’ लिहितात. न्यायाधीशांनी ते शब्द रोज वाचलेले असतात. त्यापेक्षा दाजींचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर आहे हे लिहिलेलं जास्त काम करतं.

दुसऱ्या केसमध्येही जामीन झाला, पण साडेसात हजार रोख भरायचे होते. बहीण म्हणाली, मुकादमाकडून जास्तीची उचल (मजुरीपोटी आगाऊ पैसे) घेतो, परवा भरतो. ऊसतोडीची उचल म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. फिटली नाही तर पुढचा हंगाम त्याच मुकादमाकडे, आणि फिटत नाहीच सहसा. दुसरी वाट योजनेची, तिथे समितीच्या बैठकीची वाट पाहावी लागणार होती. तिसरी, अट बदलून मागण्याची. तिच्यातही काही आठवडे जाणार होते.

आमच्यात एकमत नव्हतं, आजही नाही. एका सहकाऱ्याचं म्हणणं, आतला एक दिवसही जास्त नको, पैसा नंतर फेडता येतो. त्या बराकीत मंजूर संख्येच्या किती तरी पट माणसं कुशीला कुशी लावून झोपतात, तिथे काय होईल सांगता येत नाही. दुसऱ्याचं म्हणणं, एकाला सोडवायला दोघांना बांधून ठेवायचं ही कसली सुटका? मी दुसऱ्या बाजूचा. पण मी बराकीत झोपत नाही, त्यामुळे माझ्या मताला किती वजन द्यायचं हा प्रश्न राहतोच. कार्यकर्तीने दोन्ही हिशेब कागदावर मांडून त्याच्यापुढे ठेवले, बहिणीलाही फोनवर सांगितले. बहीण पैसे भरायचं म्हणत होती. तो नको म्हणाला. “दाजींच्या डोक्यावर उचल नको.” त्याचा निर्णय धरला. वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निर्देशांचा आधार घेऊन अर्ज केला, आणि पाच आठवड्यांनी रोख रकमेची अट जाऊन जातमुचलका राहिला.

चौथा निर्णय : आधी जागा की आधी सुटका

शेवटचा आदेश हातात आला तेव्हा बाहेर राहायची सोय नव्हती. जुन्या साइटवर जाणं शक्य नव्हतं, फिर्यादीच तिथे राहत होता. घरी वडील. शहरी बेघरांच्या निवारा केंद्रात आधार कार्ड मागितलं, आणि आधार जुन्या मुकादमाकडे अडकलेलं. कार्यकर्तीने विचारलं, मुचलका दोन दिवस थांबून भरला तर? तेवढ्यात निवाऱ्याचं जमवते.

प्रश्न चांगल्या मनाने आला होता. उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असंच होतं. आपली तयारी झाली नाही म्हणून कुणाला एक रात्रही आत ठेवता येत नाही. न्यायालयाने सोडा म्हटलंय, आपण कोण? पुनर्वसनाची योजना कितीही चांगली असो, ती सुटकेची अट होता कामा नये. ज्या दिवशी ती अट होते त्या दिवशी आपण कारागृहाचेच आणखी एक कुलूप झालो. उलट बाजूने पाहिलं तर बिनठावाचा माणूस तारीख चुकवतो आणि परत येतो, हेही खरं. त्यामुळे दोन्ही कामं बरोबरीने चालवायची, एकाने दुसऱ्यासाठी थांबायचं नाही.

सुटकेचा आदेश जामीनपेटीत (असे आदेश टाकण्यासाठी कारागृहाबाहेर ठेवलेल्या पेटीत) वेळेत पडला नाही की तो दिवस जातो. या वेळी पडला. तो सुटला दिवस मावळल्यावर, जसे बहुतेक जण सुटतात. अंगावर अटकेतलेच कपडे, फोन नाही. कार्यकर्तीने आधीच्या भेटीत त्याला एक कागद दिला होता: निवाऱ्याचा पत्ता, तिथल्या काळजीवाहकाचं नाव, बहिणीचा आणि वकिलांचा नंबर, दोन्ही कोर्टांच्या तारखा, मोठ्या अक्षरांत. निवाऱ्याने संस्थेच्या पत्रावर आठवडाभरासाठी ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं. विधी स्वयंसेवक गेटवर थांबला आणि त्याला निवाऱ्यापर्यंत सोडून आला. आधार पुढे महिन्याभराने नवं काढून घेतलं. मुकादमाशी भांडण्यात वेळ घालवला नाही.

सुटकेनंतर

पंधरवड्यात त्याला दुसऱ्या ठेकेदाराकडे सेंट्रिंगचंच काम मिळालं, त्याने स्वतः शोधलं. केसबद्दल मुकादमाला सांगायचं का? आमची पद्धत, त्याने म्हटल्याशिवाय सांगायचं नाही. त्याने ‘कोर्टाची तारीख असते मधूनमधून’ एवढंच सांगितलं, आणि मुकादमाने जमिनीचा वाद समजून विषय सोडला.

तीन तारखा नीट गेल्या. चौथी स्लॅबच्या दिवशी आली. स्लॅब पडतो त्या दिवशी साइटवरून कुणी हलत नाही, हजेरी दीडपट असते आणि गेलास तर परत येऊ नको हे न बोलता कळतं. तो गेला नाही. ३०३(२) च्या केसमध्ये अजामीनपात्र वॉरंट निघालं. कार्यकर्ती ई-कोर्ट ॲपवर दोन्ही केस पाहत असते, तिला ते दुसऱ्या दिवशी दिसलं. फोन लावला तर बंद. चार दिवस बंद.

अशा वेळी कार्यकर्ता साइटवर जाऊन विचारपूस करू शकतो, पण मग केसची गोष्ट सगळ्यांसमोर येते. तिने बहिणीला सांगितलं. बहिणीच्या फोनवर त्याने नव्या नंबरवरून संपर्क केला. पुण्याला जातो म्हणत होता, तिथे ओळखीचा ठेकेदार आहे. वकिलांनी फोनवर एवढंच सांगितलं: पोलिसांनी धरून आणलं तर जामीन रद्द होऊ शकतो, स्वतःहून उभा राहिलास तर वॉरंट रद्द करून घेता येतं. तो आला. न्यायाधीशांनी समज दिली, वॉरंट रद्द केलं आणि पुढच्या तारखेला मुचलका नव्याने लिहून घेतला.

निष्पत्ती

काही महिन्यांनी ३०३(२) च्या केसमध्ये आरोप निश्चित झाले. वकिलांशी सविस्तर बोलून त्याने या एका केसमध्ये गुन्हा कबूल केला. म्हणजे तुरुंगात ज्या सहीची घाई होती ती शेवटी त्याने केलीच. फरक असा की आता तो बाहेर होता, कामावर होता, आणि वकील परिविक्षेचा अर्ज तयार ठेवून उभे होते. परिविक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं, पण त्या माणसाचं किंवा त्याच्या जामीनदाराचं कोर्टाच्या हद्दीत कायमचं राहण्याचं ठिकाण किंवा नियमित कामधंदा हवा. ठिकाण नव्हतं, कामधंदा होता.

परिविक्षा अधिकारी महिला व बाल विकास विभागाच्या जिल्हा कार्यालयातून आले. त्यांना साइटवर जाऊन खात्री करायची होती, म्हणजे मुकादमाला कळणारच. कार्यकर्तीने त्याला आधी सांगितलं, आणि आदल्या संध्याकाळी त्याने मुकादमाला स्वतः सगळं सांगून टाकलं. मुकादम म्हणाला, “हजेरी बुडवू नको. बाकी मला काय करायचंय.” अहवाल अनुकूल गेला. न्यायालयाने एक वर्ष परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली बंधपत्रावर सोडलं. दोष सिद्ध झाल्याची नोंद यामुळे पुसली जात नाही, पण कलम १२ प्रमाणे शिक्षेमुळे येणारी अपात्रता त्याला लागू होत नाही.

३०५ ची केस चालू आहे. साक्षीदार दोनदा आले नाहीत. आई बहिणीच्या फोनवरून त्याच्याशी बोलते, वडील बोलत नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

दुसरी केस पहिल्याच महिन्यात सापडायला हवी होती. आमची कार्यकर्ती त्याला भेटली सहाव्या महिन्यात, त्याआधीची जबाबदारी आमची नव्हती हे खरं, पण नव्याने दाखल होणाऱ्या बंद्यांची यादी आम्ही मागू शकत होतो आणि मागत नव्हतो. आता मागतो. पहिल्या मुलाखतीच्या फॉर्मवर ‘जामीन झाला का’ या प्रश्नाच्याही वर ‘आणखी कुठल्या पोलीस ठाण्याने ताबा घेतला होता का’ हा प्रश्न घातला. माणूस केस नंबर विसरतो, पण दुसऱ्या ठाण्यात नेलेलं विसरत नाही.

साडेसात हजारांच्या बाबतीत, अट बदलण्याचा अर्ज आणि योजनेचा अर्ज एकाच दिवशी द्यायला हवे होते. आम्ही एक नाकारला गेला तर दुसरा करू असं ठरवलं. जे आधी मंजूर होईल ते घ्यायचं, याला कुणाची हरकत नव्हती. पाच आठवड्यांतला काही काळ त्यात वाचला असता की नाही, समितीच्या बैठकीवर अवलंबून होतं.

स्लॅबचा दिवस ओळखता आला असता. बांधकामावर काम करणाऱ्यांच्या बाबतीत तारखेच्या आठवड्यात साइटवर काय आहे हे विचारायचं, आणि स्लॅब असेल तर वकिलांकडून गैरहजेरी माफीचा अर्ज आधीच द्यायचा. त्याला काहीच खर्च येत नाही. ऊसतोड, वीटभट्टी, लग्नसराईतला कॅटरिंगवाला, प्रत्येक धंद्याचे असे न हलता येणारे दिवस असतात.

फोनवर ‘आजारी’ म्हणण्याबद्दल वर लिहिलंच आहे. त्यानंतर आम्ही संपर्कासाठीची वाक्यं लिहून काढली, शिपायाने कारण विचारलं तर काय म्हणायचं यासकट.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. देखरेखीचं वर्ष पूर्ण व्हायच्या आधी कार्यकर्तीचा प्रकल्प संपतोय. या क्षेत्रातल्या बहुतेक नोकऱ्या अशाच, प्रकल्पाच्या मुदतीएवढ्या. अधिकारी बदलतो तेव्हा कार्यालय राहतं, कार्यकर्ता गेला की नातं त्याच्याबरोबर जातं. म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत ती प्रत्येक भेटीला नव्या सहकाऱ्याला बरोबर नेते, आणि तारखांचे फोन आता तोच करतो. तरुणाने पहिल्या दोन फोनना उत्तर दिलं नाही, तिसरा उचलला.